पॅनफिश: गळापासून फ्रीझरपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल

ब्लूगिल, पम्पकिनसीड, काळी व पांढरी क्रॅपी आणि यलो पर्च हे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातले लहान मासे, म्हणजेच पॅनफिश, एका मोसमात पकडायचे, साफ करायचे आणि हिवाळा सरेपर्यंत साठवून त्यांचा दर्जा कितपत टिकतो ते पाहायचे, असा हा प्रकल्प आहे. साठवणीचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा पिशवी आणि फ्रीझर यांच्यापाशीच थांबते. मासा पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तासात त्याचे जे होते, त्याचा परिणाम पिशवीच्या प्रकाराइतकाच किंवा त्याहूनही अधिक असावा, असा माझा कयास आहे. नोंदी त्याच रोखाने ठेवायच्या आहेत.

साहित्य मोजके आहे: हलकी काठी, बारीक दोरी, ८ आणि १० क्रमांकाचे गळ, लहान फ्लोट, शिशाऐवजी कथलाची वजने, झाकणाची बर्फपेटी, टोकदार काडीचा तापमापक आणि १५ सेंटिमीटर पात्याची लवचीक सुरी. परवाना काढून झाला आहे. दिवसाला किती मासे ठेवता येतात याचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी घरातल्या फ्रीझरमधले मासेही जवळ बाळगण्याच्या मर्यादेत धरले जातात. साठवणीचा प्रकल्प हाती घेणाऱ्याने हे आधीच वाचून ठेवलेले बरे.

काठालगत पाण्याचे तापमान ९° सेल्सिअस भरले. बुडालेल्या फांद्यांवर पर्चच्या अंड्यांच्या चिकट, झालरीसारख्या माळा दिसल्या. हा मासा बाकीच्यांच्या कितीतरी आधी, पाणी ७ ते १२ अंशांवर असतानाच अंडी घालतो.

२ मे

पाणी १६ अंशांवर आले आणि क्रॅपी उथळ भागाकडे सरकल्या. या माशाचे डोळे मोठे असून नजर वरच्या बाजूला असते. तो आपल्या पातळीच्या वर असलेले भक्ष्य टिपतो, खाली गेलेल्याकडे सहसा वळत नाही. त्यामुळे फ्लोट आणि गळ यांमधले अंतर जरा कमीच राखणे हे आमिषाच्या निवडीहून महत्त्वाचे ठरते. लहान मासळी आणि दीड-दोन ग्रॅमची पिसांची जिग (वजन जोडलेला नकली आमिषाचा गळ) ही दोन्ही आमिषे चालली. सूर्य कलल्यावर मासे गळाला अधिक लागू लागले. मंद उजेडात शिकार करणाऱ्या माशाकडून तीच अपेक्षा होती.

क्रॅपीच्या ओठांभोवतीची त्वचा कागदाइतकी पातळ असते, म्हणून जोराचा हिसका दिला की गळ ती फाडून निसटतो. काठी नुसती वर उचलून ताण कायम ठेवायचा आणि काठाजवळ मासा दोरीने न उचलता जाळीत घ्यायचा. काळी आणि पांढरी क्रॅपी ओळखण्यासाठी रंगावर विसंबू नये. पाठीच्या परातले (पोहण्याच्या पंखातले) टणक काटे मोजावेत. काळीला बहुधा सात-आठ असतात, पांढरीला पाच-सहा.

९ मे

आजची नोंद थंड करण्याविषयी आहे आणि ती मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्या मते प्रकल्पाचा गाभा इथे आहे.

सारख्या आकाराच्या क्रॅपींचे तीन गट केले. पहिला गट प्रचलित पद्धतीप्रमाणे दोरीत ओवून काठालगतच्या पाण्यात जिवंत ठेवला. दुसऱ्या गटातले मासे डोळ्यांच्या किंचित वर लाकडी दांडक्याचा एकच नेमका घाव घालून लगेच मारले, कल्ल्याखालची रक्तवाहिनी कापून काही मिनिटे पाण्यात धरले आणि बर्फाच्या चुऱ्यावर मांडले. तिसऱ्या गटाला तसेच मारून आणि रक्त काढून बर्फ व पाणी यांच्या दाट मिश्रणात बुडवले.

तिसऱ्या गटातल्या माशांच्या गाभ्याचे तापमान साधारण अर्ध्या तासात २ अंशांच्या खाली उतरले. चुऱ्यावर मांडलेल्यांना जवळजवळ दुप्पट वेळ लागला. कारण उघड आहे. चुऱ्याचे खडे माशाला ठिकठिकाणीच टेकतात आणि मधली हवा उष्णता फार हळू वाहून नेते, तर बर्फ-पाणी सगळ्या अंगाला भिडते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, आणि एक किलो मासा २० अंशांवरून शून्यावर आणण्यासाठी ७०-७५ किलोज्यूल पुरतात. कागदावर पाव किलो बर्फ भागतो, पण पेटीच्या भिंतींतून आणि प्रत्येक वेळी उघडलेल्या झाकणातून शिरणारी उष्णता धरली तर माशाच्या वजनाइतका बर्फ नेणेच सुरक्षित आहे. ही सगळी धडपड अंशा-दोन अंशांसाठी कशाला, असे वाटू शकते. त्याचे उत्तर असे, की शून्य अंशाच्या तुलनेत ४ अंशांवर मासा जवळपास दुप्पट वेगाने खराब होतो. म्हणजे घरातल्या फ्रीजचे नेहमीचे तापमानसुद्धा माशासाठी उबदारच आहे.

दोरीत ओवलेल्या माशांचे दोन तासांनंतरचे चित्र निराळे होते. ते जिवंत होते, परंतु सतत धडपडत होते. धडपडीत स्नायूंमधली साखर संपते आणि मारल्यानंतर शरीर लवकर ताठरते. संध्याकाळी साफ करताना या गटाचे मांस बोटाखाली मऊ लागले आणि पाठीच्या कण्यालगत रक्ताचे डाग दिसले. मासा जिवंत आहे म्हणजे ताजा आहे, ही समजूत सोडून द्यावी. यापुढे सर्व मासे तिसऱ्या पद्धतीनेच आणायचे ठरवले.

एक सावधगिरी: बर्फ वितळून मिश्रण पातळ झाले की वरचे पाणी काढून नवा बर्फ घालावा. पोट साफ केलेले मासे मात्र या पाण्यात तासन्‌तास सुटे ठेवू नयेत, कारण उघडे मांस पाणी शोषते आणि त्याची चव उतरते. त्यांना पिशवीत घालून बर्फात पुरावे.

२३ मे

साफ करण्याची पद्धत पक्की केली.

पहिला प्रश्न वेळेचा होता. मेल्यानंतर काही तासांत मासा ताठरतो आणि बर्फात तो ताठरपणा उतरायला दिवसभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ताठरण्यापूर्वीच मांस हाडांवरून सोडवले तर तो तुकडा आखडतो. ताठर अवस्थेत ओढाताण केली तर स्नायूंचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये भेगा पडतात. दुसरीकडे पोट साफ करण्यात दिरंगाई परवडत नाही, कारण भरपेट खाल्लेल्या माशाच्या आतड्यांतले पाचक रस पोटाची पातळ भिंत आतून विरघळवू लागतात आणि फासळ्या मांसातून सुट्या होतात. तोडगा म्हणून कामाचे दोन भाग केले: त्याच संध्याकाळी पोट फाडून आतडी, कल्ले आणि कण्याखालची काळसर रक्ताची रेघ काढायची, मासा पिशवीत घालून रात्रभर बर्फात ठेवायचा आणि सुरीचे उरलेले काम दुसऱ्या दिवशी करायचे.

बिनकाट्याचे काप काढण्यासाठी पर्च आणि मोठ्या क्रॅपी सोयीच्या आहेत. छातीच्या परामागे तिरकी चीर देऊन सुरी कण्यापर्यंत नेली, मग पाते आडवे करून कण्याला घासत शेपटीकडे ओढले. शेपटीजवळ कातडी न तोडता काप उलटा टाकला आणि मांस व कातडी यांच्यामधून पाते सरकवले. शेवटी फासळ्यांचा पट्टा वेगळा केला. पाइकसारख्या माशांच्या मांसात अडकलेले इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे काटे या माशांत नसतात, त्यामुळे फासळ्या गेल्या की काम संपते. पर्चच्या अंगाला हात लावताना डोक्याकडून मागे असा फिरवावा, म्हणजे पाठीचे काटे मिटतात. कल्ल्याच्या झाकणाची मागची कडही चांगलीच बोचरी असते.

वजन करून पाहिले तेव्हा अख्ख्या माशाच्या साधारण एक तृतीयांश इतकेच मांस हाती आले. १८ सेंटिमीटरपेक्षा लहान माशाचे काप काढण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्याचे खवले काढून तो अख्खाच राखावा.

काही राज्यांत वाहतूक करताना ओळख पटावी म्हणून प्रत्येक कापावर खवल्यांसह कातडीचा छोटा तुकडा ठेवावा लागतो. त्यामुळे कातडी काढण्याचे काम तळ्याकाठी न करता घरी करणे सोयीचे पडते.

६ जून

पाणी २१ अंश. ब्लूगिलच्या नरांनी उथळ, वाळूमिश्रित तळावर शेपटीने झाडून सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची घरटी केली असून ती एकमेकांना खेटून आहेत. छाती तांबूस-नारिंगी झालेला एकेक नर आपापल्या खड्ड्यावर उभा राहून अंड्यांवर पाणी हलवतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर धावून जातो. त्यात गळाला लावलेले गांडूळही आले. अशा वेळी मोठे ब्लूगिल भराभर लागतात, आणि घेण्याच्या बाबतीत नेमका इथेच हात आखडता घ्यायला हवा.

अंडी राखणारा नर उचलला की घरटे काही वेळातच इतर माशांच्या तोंडी जाते, हे एक झाले. त्याहून दूरचा परिणाम असा, की मोठे नर जागेवर असतात तोवर लहान नरांना वसाहतीत सहज स्थान मिळत नाही आणि ते आपली शक्ती वाढीवर खर्च करतात. मोठे नर वर्षानुवर्षे काढून घेतले की लहान नर कमी वयात, कमी आकारातच प्रजननाला लागतात, त्यांची वाढ मंदावते आणि तळ्यात बोटभर ब्लूगिलची गर्दी होते. अशा तळ्याला पुढे कितीही नियम लावले तरी पूर्वीचा आकार परत यायला फार वेळ जातो. खाण्यासाठी मधल्या आकाराचे मासे घ्यायचे आणि घरट्यांवरचे सर्वांत मोठे नर सोडायचे, एवढे केले तरी पुरे आहे.

म्हणून आज घरट्यांच्या बाहेर, गवताच्या कडेने, दोन-अडीच मीटर खोलीवर गळ टाकला. ब्लूगिलचे तोंड फार लहान असते. गळावर गांडुळाचा नखाएवढा तुकडाच लावावा, नाहीतर मासा लोंबते टोक कुरतडून जातो. लांब दांड्याचा गळ वापरल्याने तो काढणेही सोपे जाते, आणि सोडायच्या माशाला इजा कमी होते. १७ ते १९ सेंटिमीटरचे मासे ठेवले.

७ जून

ब्लूगिल अख्खे साफ केले. खवले ओले असतानाच चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खरवडले. वाळलेले खवले हटता हटत नाहीत. पाण्याने भरलेल्या टबात हात बुडवून खरवडले तर ते सगळीकडे उडत नाहीत. डोके छातीच्या परासकट तिरके कापून काढले. पाठीचा पर कात्रीने छाटू नये, कारण त्याची मुळे मांसात राहतात आणि जेवताना तोंडात येतात. पराच्या दोन्ही बाजूंनी उथळ चीर देऊन तो मागून पुढे उपटला की मुळांसकट निघतो. शेपटीजवळच्या खालच्या परालाही तेच लागू. पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा जुन्या टूथब्रशने घासून काढली.

२० जून

साठवण सुरू केली. मासे गोठवताना दोन गोष्टींशी झुंज असते. मांसात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि त्यातले बरेचसे उणे १ ते उणे ५ अंशांच्या टप्प्यात गोठते. हा टप्पा रेंगाळत पार झाला तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊन पेशी फोडतात आणि वितळताना पाणी गळून जाते. दुसरी गोष्ट हवा. गोठलेल्या मांसातला बर्फ हवेच्या संपर्कात थेट वाफ होऊन उडतो, पृष्ठभाग पांढरट आणि चिवट होतो, आणि मागे राहिलेली चरबी खवट होते. म्हणून पुड्या पातळ व सपाट करून, एकमेकींवर न रचता, उणे १८ अंशांच्या फ्रीझरच्या पत्र्याला टेकवून ठेवल्या. घट्ट गोठल्यावर मग रचल्या.

तीन पद्धती ठरवल्या. काही काप साध्या झिप पिशवीत, हवा हाताने दाबून. काही काप हवा खेचून सीलबंद केलेल्या पिशवीत. काही काप आणि सर्व अख्खे ब्लूगिल चौकोनी डब्यात, वर बर्फासारखे थंड पाणी ओतून, एकही टोक बाहेर राहणार नाही अशा रीतीने. अख्खा मासा सीलबंद करू नये; फासळ्या आणि उरलेली काट्यांची टोके पिशवीला सूक्ष्म भोके पाडतात आणि मग ती पिशवी साध्या पिशवीहून बरी राहत नाही. ९ मे रोजी दोरीत ओवलेल्या गटातले, तेव्हापासून गोठवून ठेवलेले सीलबंद कापही तुलनेसाठी वेगळे राखले आहेत.

प्रत्येक पुडीवर माशाचा प्रकार, तारीख, पद्धत आणि वजन लिहिले. तारीख नसलेली पुडी शेवटी कुणीच खात नाही.

१८ जुलै

काठाचे पाणी २७ अंश, वर हिरवट साय. आजच्या क्रॅपींना मातकट वास होता. हा वास चिखलाचा नसून काही नीलहरित शेवाळे आणि मातीतले जिवाणू तयार करतात त्या जिओस्मिनसारख्या द्रव्यांचा असतो. मासा ती कल्ल्यांतून घेतो आणि कातडी, चरबी व बाजूच्या लालसर मांसात साठवतो. कातडी आणि लाल पट्टा काढून काप थोडा वेळ लिंबाच्या पाण्यात ठेवल्यावर वास बराच उतरला, पूर्ण गेला नाही. उन्हाळ्यातले मऊ मांस आणि हा वास लक्षात घेता साठवणीसाठी जुलै-ऑगस्टची क्रॅपी घेऊ नये, लगेच खायची असेल तर घ्यावी, असे माझे मत झाले आहे.

ब्लूगिलच्या कातडीवर मिरीच्या दाण्यासारखे काळे ठिपके होते आणि एका पर्चच्या मांसात पिवळट अळी सापडली. दोन्ही चपट्या कृमींच्या अवस्था आहेत. त्यांचे जीवनचक्र गोगलगाय, मासा आणि मासे खाणारा पक्षी यांच्यातून फिरते. दिसायला किळसवाणे असले तरी मांस ६३ अंशांपर्यंत शिजले की धोका राहत नाही. पर्चमध्ये माणसाला होणाऱ्या फीतकृमीच्या अळ्याही असू शकतात, त्यामुळे तो कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नये. उणे २० अंशांवर सात दिवस गोठवल्याने कृमी मरतात, परंतु वारंवार उघडल्या जाणाऱ्या घरगुती फ्रीझरवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

पाऱ्याविषयी: हे मासे लहान, अल्पायुषी आणि अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असल्याने त्यांच्यात पारा मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी असतो. जो असतो तो मांसातच असतो, कातडी किंवा चरबी काढून तो जात नाही. तळ्यासाठी जाहीर झालेला खाण्याविषयीचा सल्ला पाहणे हाच उपाय.

२ ऑगस्ट

आतडी व डोकी बागेत ३० सेंटिमीटरहून खोल पुरली. ती तळ्यात परत टाकू नयेत, आणि उरलेली जिवंत आमिषेही पाण्यात सोडू नयेत. रोग आणि परकी जीव असेच पसरतात.

१९ सप्टेंबर

तीन महिन्यांची तपासणी. साध्या पिशवीतल्या कापांच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या आणि वितळल्यावर बशीत बरेच पाणी सुटले. चव चालण्याजोगी, पण फिकी. सीलबंद आणि पाण्यातले काप यांत फरक सांगता आला नाही.

सीलबंद पिशवी वितळवण्याआधी फाडून उघडायची, हा नियम कसोशीने पाळला. बोट्युलिझमच्या जिवाणूचा माशांमध्ये आढळणारा ई प्रकार हवा नसलेल्या जागी ३ अंशांच्या वरही वाढू शकतो, आणि त्याची बीजे गोठवल्याने मरत नाहीत. पिशवी उघडून काप फ्रीजमध्ये ताटलीवर झाकून ठेवायचे, ओट्यावर नाही. डब्यातला बर्फाचा ठोकळा गार पाण्याच्या धारेखाली धरून मोकळा केला. यात वेळ जातो आणि फ्रीझरमध्ये जागाही अडते, हे त्या पद्धतीचे दोन खरे तोटे.

१९ डिसेंबर

सहा महिने. साध्या पिशवीतले काप खवट निघाले आणि ती पद्धत यादीतून काढली. सीलबंद काप घट्ट, स्वच्छ वासाचे. पाण्यातले अख्खे ब्लूगिल अपेक्षेहून सरस. कातडीसकट असल्याने मांस कोरडे पडले नव्हते.

दोरीत ओवलेल्या माशांचे काप सीलबंद असूनही शिजताना विसकटले आणि कण्यालगतच्या डागांपाशी कडवट लागले. ते इतरांपेक्षा सहा आठवडे जुने आहेत, हे तुलनेत धरले पाहिजे. तरीही बर्फ-पाण्यात आणलेल्या, पण साध्या पिशवीत तीन महिने राहिलेल्या कापांचा पोत यांच्याहून चांगला होता, आणि विसकटण्याचे कारण नुसते वय नाही असे मला त्यावरून वाटते.

१६ जानेवारी

गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून पर्च पकडले. पर्च दिवसा खातो आणि थव्याने फिरतो, म्हणून मासे गळाला लागायचे थांबले की वाट पाहण्यापेक्षा नवे भोक पाडणे बरे. दहा मीटरहून खोल पाण्यातून वर ओढलेल्या पर्चची हवेची पिशवी फुगून घशाशी येते. ती बंद प्रकारची असल्याने हवा लवकर बाहेर पडत नाही आणि सोडलेला मासा बहुधा जगत नाही. त्यामुळे ठरवलेली संख्या झाली की तिथली मासेमारी थांबवली. लहान सोडून मोठे निवडण्याला अशा खोलीवर अर्थ नाही.

पकडलेले मासे उघड्या बर्फावर टाकू नयेत. ते पोट न फाडता, सावकाश गोठतात, घरी नेऊन वितळवावे लागतात आणि पुन्हा गोठवले तर मांसाची दुहेरी हानी होते. आज पेटीत बर्फ-पाणीच ठेवले. या हवेत ती पेटी मासे गार करण्याऐवजी त्यांना गोठू न देण्याच्या कामी आली.

२० फेब्रुवारी

आठ महिन्यांच्या शेवटच्या पुड्या उघडल्या. सीलबंद काप खाण्याजोगे होते, पण डिसेंबरच्या तुलनेत कोरडे; पाण्यातले ब्लूगिल अजून ठीक. पुढच्या मोसमासाठी मर्यादा सहा महिन्यांची धरली आहे: काप सीलबंद, अख्खे मासे पाण्यात. फ्रीझर रिकामा झाला असून जानेवारीच्या पर्चच्या तेवढ्या पुड्या शिल्लक आहेत. त्यांच्यावर जुलैच्या मध्यापर्यंतची तारीख घातली आहे.